आरसी क्रॉलरचं पोट दगडाला अडकतंय, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, कोल्हापुरातून लिहितोय. माझ्याकडे १/१० स्केलचा रॉक क्रॉलर (दगडांवर चढणारी रिमोटची गाडी) आहे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३१३ मिमी. दर रविवारी पन्हाळ्याच्या बाजूला काळ्या पाषाणावर चालवतो. पुढची चाकं दगड चढून जातात, पण मधली स्किड प्लेट (पोटाखालची संरक्षक पट्टी) धारेवर टेकते आणि चारही चाकं नुसती फिरत राहतात. प्लेटला आडवे ओरखडे इतके खोल पडलेत की नख अडकतं. खालच्या लिंकचीही (अ‍ॅक्सल चॅसिसला जोडणाऱ्या दांड्यांची) तीच गत.

आधी ९० मिमीचे शॉक काढून १०० चे लावले. उंची मिळाली, पण आडव्या उतारावर गाडी लगेच कलंडायला लागली आणि ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढून जॉइंट कटकट करतोय. म्हणून परत ९० वरच आलो. टायर ११० चे १२० मिमी केले तरी अ‍ॅक्सलखाली जेमतेम ५ मिमीच वाढणार, वर बॉडीला घासणार ते वेगळंच.

आता खालच्या लिंक मधून वर वाकवलेल्या करायच्या म्हणतोय. उद्यमनगरात ६ मिमी अ‍ॅल्युमिनियम रॉडच्या करून मिळतील. दोन्ही टोकांच्या डोळ्यांमधलं (भोकांमधलं) अंतर आहे तेवढंच ठेवायचं, हे पक्कं. पण रॉड एंडमध्ये (टोकाच्या गोल फिरत्या सांध्यात) अशी लिंक फिरून बाक आडवा होत नाही का? कुणी वापरल्यात का? की स्किड प्लेट गिअरबॉक्ससकट ५-६ मिमी वर घेणं बरं? त्यात चॅसिसला नवी भोकं पाडावी लागतील, आणि एकदा पाडली की पाडली. हात तिथंच अडलाय. कुणी केलं असेल तर फोटोसकट सांगा राव.