'लीप ऑफ फेथ' शाळांत दाखवा म्हणता, शेवट आठवतो का?

रात्रपाळी: काल इथे एकांनी लिहिलं की स्टीव्ह मार्टिनचा 'लीप ऑफ फेथ' (1992) हा बुवाबाजीवरचा सर्वोत्तम सिनेमा आहे, मराठीत डब करून शाळाशाळांत दाखवा. राहवलं नाही म्हणून लिहितोय. सुरुवात झकास आहे, वादच नाही. कॅन्ससमधलं दुष्काळी गाव, गाडी बंद पडून अडकलेला ताफा, मोठा तंबू, आणि कुणाला काय दुखतंय ते भोंदू बुवा जोनासच्या (मार्टिनच्या) कानातल्या यंत्रात सांगणारी त्याची साथीदार जेन. पण शेवटी कुबड्यांवरचा पोरगा बॉईड क्रूसावरच्या येशूच्या पायांना हात लावतो आणि चालायला लागतो. वर पाऊसही पडतो! म्हणजे बुवा खोटा, चमत्कार खरा. आठवीतल्या पोरांनी यातून काय घ्यायचं?

जुना प्रेक्षक: सिनेमा बघताय की प्रबोधनाचं पत्रक शोधताय? जोनास त्या पोराला बरं करतच नाही. जे झालं त्यानं तोच हादरतो, रात्री रिकाम्या तंबूत येशूशी भांडतो आणि सगळा पसारा सोडून निघून जातो. आणि डॉक्टरांना बॉईडच्या पायांत काहीच दोष सापडला नव्हता, हे त्याची बहीण सांगते. अपघातात आईबाप गेलेलं पोर आहे ते. मनानं धरलेले पाय मनानं सोडले, एवढंच.

रात्रपाळी: तुम्ही असा अर्थ लावाल. तंबूतली माणसं लावत नाहीत, शाळेतली पोरंही लावणार नाहीत. खरं प्रकरण बघा. अमेरिकेतल्या पीटर पॉपॉफ या टीव्हीवरच्या बुवाच्या कानात त्याची बायको 39.17 मेगाहर्ट्झवरून भाविकांची माहिती सांगायची. 1986 मध्ये भोंदूंचं बिंग फोडणारा जादूगार जेम्स रँडी यानं ते रेकॉर्डिंग टीव्हीवर ऐकवलं. 1987 मध्ये पॉपॉफचं दिवाळं निघालं. आणि नंतर? बाबा पुन्हा टीव्हीवर, चमत्काराचं पाणी घेऊन. खरा भोंदू सिनेमातल्या जोनाससारखा पावसात भिजत, हसत निघून जात नसतो. तो परत येतो.

माईची लेक: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. 1998 मध्ये माझ्या आईला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अन्न बघवेना. शेजारच्या गावात एक आजोबा कावीळ उतरवायचे. त्यांनी आईचे हात चुन्याच्या पाण्यानं धुतले, परातीत पिवळंजर्द पाणी उतरलं. मी शेजारी उभी होते. एका नारळापलीकडे काही घेतलं नाही. तीन आठवड्यांत आई उठली. आणि बाबांना खासगी दवाखान्यात नेलं तेव्हा? स्ट्रेचर दारात आणि आधी अनामत भरा! मग लुटारू कोण?

कोपरगावकर: ताई, हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळतात. त्यावर चुन्याचं पाणी पडलं की ते पिवळं होतं. कावीळ नसलेल्या माणसाचंही होतं. साधी कावीळ बहुतेकांची आराम केला की आपोआप उतरते, श्रेय परातीला जातं. माझ्या थोरल्या भावाची उतरली नाही. दोन महिने दर शनिवारी त्याला असंच धुऊन आणलं. शेवटी सिव्हिलमध्ये नेलं तेव्हा पोट पाण्यानं भरलेलं होतं. तो चौतीस वर्षांचा होता.

माईची लेक: तुमच्या भावाचं वाईट वाटलं. पण म्हणून माझी आई खोटी ठरत नाही. तुमच्यासारखे लोक आमच्या अनुभवावर असे पाय देऊन बोलता ना, म्हणून कुणी तुमचं ऐकत नाही.

कोपरगावकर: आईला खोटं कुणी म्हटलं? परातीला म्हटलं!

जुना प्रेक्षक: धागा सिनेमाचा होता. कावीळवाले वेगळा काढा.

कोपरगावकर: नाही काढणार. दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. आमच्याकडे भावाला कुणी अडवलंच नव्हतं. आम्हीच नेत होतो. यावर सिनेमा काढा, मी स्वतः गावात पडदा बांधतो.

रात्रपाळी: जुना प्रेक्षक, डॉक्टरांचं ते मी विसरलो होतो. तेवढं मान्य, त्यापुढे एक इंचही नाही. कारण तीच बहीण पुढे सांगते की याआधी एका बुवाकडे नेलं होतं, आणि गुण आला नाही तेव्हा त्यानं पोरालाच सुनावलं, तुझी श्रद्धा कमी पडली. सिनेमा तिथे थांबायला हवा होता. तो पावसाकडे धावला.

जुना प्रेक्षक: बरं. त्या प्रसंगाला अजून वेळ द्यायला हवा होता, हे खरं. शेवट मात्र मला आवडतो तो आवडतोच.

कोपरगावकर: भावाच्या वेळी आम्हाला सांगितलं, पथ्य मोडलं असणार. वहिनी आजही विचारते, त्या दिवशी मी भाजीला फोडणी दिली होती, त्यानं झालं का.

माईची लेक: आज दुपारी अंगणातल्या आंब्याची साल ठेचली, हाताला चोळली आणि चुन्याची निवळी ओतली. पाणी पिवळं झालं. आई ओट्यावरच बसली होती. विचारत होती काय करतेस. सांगितलं नाही. कोपरगावकर, वहिनींना सांगा, फोडणीनं काही झालं नाही.