मदत हवी आहे: जी स्केलचे दोन डबे जोडून मीटर गेजचा एक लांब डबा करायचाय

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ राहतो. गच्चीवर मॉडेल रेल्वेचा लूप टाकलाय, जी स्केलचा, म्हणजे दोन रुळांत ४५ मि.मी. अंतर असलेला, आणि त्यावर आपल्या जुन्या मिरज-बेळगाव-लोंढा मीटर गेज पॅसेंजरचा रेक (सगळे डबे मिळून गाडी) पळवायचा, एवढंच डोक्यात आहे. ब्रॉड गेज आल्यापासून ते डबे इकडे कुणी पाहिलेले नाहीत. मिरजेला पुण्याच्या गाडीतून उतरून, सामान उचलून बेळगावच्या छोट्या गाडीत जागा धरायची, हे माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवत असेल. ती गाडी निदान घरात तरी चालती राहावी असं मनापासून वाटतं.

स्केल १:२२.५ धरलंय. ४५ ला २२.५ ने गुणलं की १०१२ मि.मी. येतात, म्हणजे जवळपास एक मीटर, मीटर गेजच. एलजीबी या जर्मन मॉडेल रेल्वे कंपनीने १९६८ साली हे रूळ आणले तेच आल्प्सकडच्या अशा अरुंद गाड्यांसाठी, त्यामुळे रुंदी आपल्याला बरीच जमते. आपला डबा सुमारे २.७४ मीटर रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये १२२ मि.मी. माझ्याकडचे जुने डबे ११८ भरतात. चार मि.मी. कुणाच्या डोळ्यात येत नाहीत.

अडचण लांबीची आहे. आपल्या डब्याची बॉडी साधारण १९.५ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ८६७ मि.मी. माझा डबा बफरसकट ४९०, आणि त्यातही दोन्ही टोकांना उघडे प्लॅटफॉर्म. ते काढले तर नुसती बॉडी ४०० उरते. दोन डब्यांचे प्लॅटफॉर्म उडवून बॉड्या जोडल्या, जोडावर थोडं कापलं, तर ७२० च्या आसपास डबा होईल असा हिशेब आहे.

आता प्रश्न. माझं वळण १.२ मीटर त्रिज्येचं आहे. ७२० चा डबा त्यावर बरा दिसेल का, की पूर्ण ८६७ करू? वळणाच्या आतल्या बाजूला स्टेशनचा फलाट आहे, त्याची कड रुळाच्या मध्यापासून ८० मि.मी. वर. दुसरं, करवत नेमकी कुठे चालवायची? आणि एवढा लांब प्लॅस्टिकचा डबा मधोमध खाली वाकणार नाही यासाठी काय करता? आमच्याकडे मे महिन्यात गच्ची तापते आणि जूनपासून नुसता पाऊस, हेही लक्षात घेऊन सांगा.

प्रतिसाद, खानापूर

दादा, आधी वळणाचं बघा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. दोन बोग्यांच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या) मध्यबिंदूंतल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट. तेवढा डब्याचा मध्य वळणात आत येतो. ८६७ च्या डब्याला बोग्यांमधलं अंतर ५९० धरलं तर १२०० त्रिज्येवर ३६ मि.मी. आत. त्यात अर्धी रुंदी ६१ मिळवा, ९७ झाले. तुमचा फलाट ८० वर, म्हणजे डबा फलाटात घुसणार. ७२० चा डबा, बोग्या ४९० वर, तर २५ आत, एकूण ८६. फलाटावर हाही घासणार, पण १० मि.मी. मागे सरकवला की निघून जाईल.

टोकं उलट बाहेर पडतात. ७२० ला २९ मि.मी. आणि ८६७ ला ४२. कठड्याकडची जागा मोजून घ्या. ८६७ सुंदर दिसतो यात वाद नाही, पण तो दोन-सव्वादोन मीटर त्रिज्येच्या वळणाचा डबा आहे. १.२ वर त्याचं टोक हवेत लटकल्यासारखं दिसतं आणि लांबी असूनही डबा खोटा वाटतो. मी ७२० च करेन, आणि रेकमधले सगळे डबे त्याच मापाचे. एक पूर्ण आणि दोन आखूड असं केलंत की नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

कपलिंग बोगीवरच राहू द्या, बॉडीवर नेऊ नका. बॉडीवरचं कपलिंग टोकाबरोबर बाहेर फेकलं जातं आणि शेजारच्या डब्याला रुळावरून ओढतं. फक्त बोगी आत सरकली की कपलिंगची दांडी तेवढी लांब करावी लागेल. ती लवचिक ठेवू नका, नाहीतर रेक मागे ढकलताना बोगी तिरपी होऊन चाक चढतं. आणि डावं वळण संपताच उजवं असेल, तर मधे निदान एक डबाभर सरळ रूळ हवा.

प्रतिसाद, उद्यमबाग, बेळगाव

माझा मशीन शॉपचा धंदा आहे, म्हणून डबा मधे वाकण्याबद्दल सांगतो. डब्याखाली ॲल्युमिनियमचं चॅनेल घाला, पण पूर्ण लांबीभर चिकटवू नका. एबीएस प्लॅस्टिक उन्हात ॲल्युमिनियमच्या सुमारे साडेतीन पट वाढतं. ७२० च्या डब्याला ३० अंशांच्या फरकात प्लॅस्टिक जवळपास पावणेदोन मि.मी. वाढणार आणि चॅनेल अर्धाच मि.मी. दोन्हीकडे घट्ट आवळलंत की डबा केळ्यासारखा वाकतो, किंवा जोडच उकलतो. मधे एक स्क्रू पक्का, टोकांकडचे स्क्रू लांबट भोकांत, वॉशर घालून हलके आवळलेले. आमच्या भागात कुणीही तुम्हाला ही भोकं दहा मिनिटांत करून देईल.

कापणी खिडकीच्या मधोमध कधीच नको. दोन खिडक्यांमधल्या पट्टीवर कापा आणि ती पट्टी पूर्ण एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जोड खिडकीच्या चौकटीला लागून उभा जातो आणि रंगाखाली दबतो. छप्पर, बाजू आणि तळ एकाच रेषेत जोडू नका. छपराचा जोड पाच-सहा सेंटिमीटर डावीकडे, तळाचा तेवढाच उजवीकडे घेतलात तर प्रत्येक जोडाला शेजारच्या अखंड भागाचा आधार मिळतो. बारीक दातांची करवत, लाकडी चौकटीत धरून, सावकाश. घाईने घासलं तर प्लॅस्टिक वितळून पात्याला चिकटतं.

चिकटवायला इन्स्टंट ग्लू नको, त्याचा जोड ठिसूळ असतो आणि ऊन-पावसात तडकतो. कापताना पडलेला कीस बाटलीत ॲसिटोनमध्ये विरघळवा, मधासारखा दाट झाला की तोच लेप लावा. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक लागून एकजीव होतं. आतून दोन मि.मी. जाड शीटच्या पट्ट्या जोडावर बसवा आणि निदान एक रात्र हात लावू नका. आधी तुकड्यावर करून बघा मात्र. एखादा भाग पॉलिप्रॉपिलीनचा निघाला तर त्याला ॲसिटोन काहीच करत नाही.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. ७२० पक्कं केलं, आणि फलाट वळणावरून काढून सरळ भागात नेतोय. बेळगाव स्टेशनचा फलाटही सरळच आहे, तेव्हा ते जास्त बरोबर होईल.

लांबट भोकांची गोष्ट मला सुचलीच नसती. उन्हाची वाढ एवढी असते हे मोजून सांगितलंत म्हणून पटलं.

छपरावरचे टॉर्पेडो व्हेंटिलेटर (हवा खेळवणारे लांबट झरोके) मी लाकडी दांडीतून लेथवर काढणार आहे, खालच्या बॅटरी पेट्या शीटच्या. उघड्या प्लॅटफॉर्मच्या जागी संडासाची भिंत येईल आणि तिथे धुरकट काचेची छोटी खिडकी. राहता राहिले खिडक्यांचे आडवे गज. त्यांच्याशिवाय तो डबा आपला वाटणारच नाही, परदेशी गाडीला विटकरी रंग दिल्यासारखं दिसेल. पितळी तार घेऊ की नायलॉनचा दोरा ताणू? पावसात डबे आत नेणारच आहे, पण तार हाताळताना वाकते ही भीती आहे.

प्रतिसाद, खानापूर

अर्ध्या मि.मी.ची पितळी तारच घ्या. प्रत्येक खिडकीला वेगळे तुकडे कापू नका. आतून सगळ्या खिडक्यांवरून एकच लांब तार न्या आणि प्रत्येक पट्टीवर इपॉक्सीचा ठिपका द्या. गज एका रेषेत राहतात आणि वाकायला जागाच उरत नाही. टोकांना मात्र मि.मी.भर मोकळी सोडा, उद्यमबागच्या दादांनी सांगितलेलं कारण इथेही लागू आहे. आणि बॉडी रंगवून झाल्यावरच तार बसवा, नाहीतर गजांमागचा कोपरा ब्रशला सापडत नाही.