नायक पत्ता विचारताना सापडतो तो प्रसंग

वर काही जणांना चित्रपटातला हा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटलाय: शत्रूच्या मुलखातून इतका लांब आलेला सैनिक सरहद्दीजवळ रस्ता विचारतो काय आणि पकडला जातो काय! मला पटला बुवा. भारतीय हवाई दलातले वैमानिक दिलीप परुळकरांचं आठवा. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचं सुखोई लढाऊ विमान पाकिस्तानात पडलं आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबतच्या वैमानिकांबरोबर ते रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीची भिंत फोडून निसटले. पेशावर, जमरूद, थेट लंडी कोतल. अफगाणिस्तान हाकेवर. तिथे त्यांनी लंडी खानाला कसं जायचं विचारलं आणि लोकांच्या भुवया उंचावल्या. नकाशात स्टेशन होतं, पण इंग्रजांनी ते १९३२ मध्येच बंद केलेलं!

पुढचं तर आणखी भारी. पकडून नेल्यावर तहसील कचेरीत थापा चालेनात, तेव्हा परुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीलाच (मदतनीस अधिकाऱ्यालाच) फोन लावायला लावला. हा उस्मान हमीद पूर्वी त्यांच्याच छावणीचा प्रमुख. त्याने ही आपलीच माणसं आहेत, हात लावू नका, असं सांगून तिघांना वाचवलं. पटकथेत हे असतं तर आपण इथे लेखकाची सालटी काढली असती.