पुणे–लेह हॅचबॅकने: चार माणसं, एक डिकी. काय न्यावं, काय घरी ठेवावं?

मुक्काम_पोस्ट:
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून लेहला निघतोय. जाताना अहमदाबाद–उदयपूर–अमृतसर–श्रीनगर–कारगिल, येताना मनालीमार्गे. गाडी 2019 ची 1.2 पेट्रोल हॅचबॅक, 61 हजार किमी झालेली. आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि बाबा (68, बीपीची गोळी चालू). एकूण 18 दिवस.

सर्व्हिसिंग मेच्या शेवटी करायचं म्हणतोय. डिकी चार बॅगांतच भरतेय, तर टपावर कॅरिअर बसवावा का? आणि गाडीचं नेमकं काय बघून घ्यायचं? ‘जनरल चेकअप’ म्हटलं की ऑइल बदलून, गाडी धुऊन परत देतात.

पानापक्कड:
मेच्या शेवटी नको, मध्यावर करा. त्यानंतर एखादा घाट धरून चारशे-पाचशे किमी गाडी पळवा. सैल राहिलेला होज क्लॅम्प, नीट न आवळलेला नट हे सगळं या पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच बाहेर येतं. ते ताम्हिणीत आलेलं बरं, श्रीनगर–कारगिल रस्त्यावरच्या झोजी ला खिंडीत नको.

गॅरेजला लेखी यादी द्या. सगळ्यात वर कूलंट. पातळी कमी दिसली की नळाचं पाणी ओतायची आपल्याकडे सवय आहे, आणि पुण्याच्या हवेत ते लगेच अंगाशी येत नाही. लेह–मनाली रस्त्यावरच्या सरचू-पांगकडे मात्र जूनमध्येही पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. पातळ झालेलं कूलंट गोठून फुगलं की रेडिएटर किंवा पाइप जातो. जुनं पूर्ण काढून नवीन भरून घ्या. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्याशी निम्मं-निम्मं, तयार मिश्रण असेल तर त्यात थेंबभरही पाणी नको.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलाच. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. पॅड 4 मिमीच्या आत आले असतील तर तेही बदला. बॅटरी तीन वर्षांपुढची असेल तर लोड टेस्ट, एअर फिल्टर नवा, वायपर नवे. क्लच आत्ताच घसरत असेल तर तो प्रश्न इथेच सोडवा, वर सुटणार नाही.

कॅरिअर नको. मनाली रस्त्यावरची टांगलांग ला खिंड 5,328 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच उरते. त्यात टपावर चाळीस किलो म्हणजे वळणावर गाडी झुलणार, चढावर अर्धा क्लच धरावा लागणार आणि क्लच प्लेट जळणार. चढाला एसी बंद, पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय पूर्ण काढलेला.

वळकटी:
डिकी बॅगांनी नाही, सूटकेसांनी भरते! कडक सूटकेस घरी ठेवा, कापडी डफल घ्या; चाकाच्या कमानीशेजारच्या खाचेतही त्या कोंबता येतात. माणशी एक डफल हा हिशेबही सोडा. लोकरी कपडे चौघांचे एकत्र, एका बॅगेत, तळाला. श्रीनगरपर्यंत ती उघडायची गरज नाही. रोजच्या मुक्कामाला चौघांत एकच पिशवी वर न्यायची: दोन दिवसांचे कपडे, औषधं, चार्जर. माणशी चार जोड पुरतात, लेहमध्ये धुलाई होते.

स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते हे लक्षात ठेवून सामान रचा. पंक्चर झालं की सगळं सामान रस्त्यावर, तेही पावसात. म्हणून जॅक, पाना, इन्फ्लेटर आणि पंक्चर किट पुढच्या सीटखाली, आणि एक दोन बाय दोन मीटरची ताडपत्री सगळ्यात वर. जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकून खाली; मागच्या काचेपाशी सुटं काहीही नको, जोरात ब्रेक लागला की ते मुलीच्या डोक्यावर येईल.

खाणं दोन हवामानांचं आहे. राजस्थानात जूनमध्ये बंद गाडी भट्टी होते. ओलं खोबरं घातलेलं काहीही दुसऱ्या दिवशी आंबतं. दशम्या-चटणी पहिले दोन दिवस, पुढे खाकरा, गूळ-दाणे, मेतकूट, सातूचं पीठ. औषधं आणि पॉवर बँकही उन्हात डिकीत सोडू नका. उंचीवर बंद पाकिटं टम्म फुगतात आणि शांपूच्या बाटलीचं टोपण उघडलं की तो उसळून बाहेर येतो. बाटली अर्धीच भरा आणि दाबून हवा काढून बंद करा.

सिम: इतर राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत. निदान दोन नंबर, वेगवेगळ्या कंपन्यांचे, आधीच पोस्टपेड करून घ्या.

मुक्काम_पोस्ट:
कॅरिअर रद्द! पेट्रोलचं काय? कॅन न्यावा लागेल का? आणि लेहला पोचल्यावर टायरमधली थोडी हवा कमी करायची असते म्हणतात, ते खरं का?

उतारालादुसरा:
हवा कमी करू नका. बाहेरचा दाब उतरल्यामुळे टांगलांग लावर काटा साधारण 6-7 पीएसआय जास्त दाखवायला हवा, पण टायर थंडही झालेला असतो. पुण्यात तीस डिग्रीला 33 भरलेला टायर तिथे पाच डिग्रीला 35च्या आसपास दिसेल, म्हणजे दोनचाच फरक. वर हवा सोडलीत तर मनाली उतरून चंदीगडच्या तापल्या रस्त्यावर तोच टायर मऊ. मऊ टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि फुटते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा आकडा असतो, तो भरा. सकाळी, टायर थंड असताना.

पेट्रोल: येताना लेहला किंवा त्याच्या जरा पुढे कारूला टाकी फुल्ल. पुढचा पंप थेट केलाँगनंतरच्या टांडीलाच धरा. टांडीचा बोर्डच पुढचा पंप 365 किमीवर असं सांगतो. तुमची टाकी 35 लिटरची असेल आणि वर 13चं मायलेज धरलं तरी 450 होतात. तरी पांगाँग-नुब्राच्या फेऱ्यांसाठी 5 लिटरचा लोखंडी कॅन लेहमध्येच भरून घ्या, पुण्याहून भरलेला नेऊ नका. प्लॅस्टिकच्या बाटलीत तर कधीच नको.

थेंबेथेंब:
बाबांसाठी: मार्ग बरोबर निवडलाय. श्रीनगर 1,585, कारगिल 2,676, लेह 3,500 मीटर. शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. कारगिलला मुक्काम कराच आणि लेहमध्ये पहिले दोन दिवस गाडी हलवू नका. परतताना सरचूला (सुमारे 4,300 मीटर) झोपू नका, पहाटे लेह सोडून थेट जिस्पा किंवा केलाँग गाठा.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) स्वतःच्या मनाने सुरू करू नका. बीपीची काही औषधं लघवी वाढवणारीच असतात आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर अडचण होते, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा. ऑक्सिजनचा फवाऱ्यासारखा छोटा डबा दोन-चार मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर राहू नका. सरळ रेषेत चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाट न बघता खाली उतरायचं, रात्र असली तरी.

पानापक्कड:
एक राहिलं. घरासमोर एकदा स्वतः चाक काढून बघा. टायरवाले नट हवेच्या गनने इतके आवळतात की गाडीसोबतच्या आखूड पान्याने ते हलत नाहीत. पान्यावर चढेल असा दोन फुटी पाइप सोबत ठेवा. अलॉय बसवले असतील आणि स्टेपनी साध्या लोखंडी रिमची असेल तर तिला नट वेगळे लागू शकतात. लागत असतील तर तेही पान्याच्याच पिशवीत टाका.