‘शेड्युलिंग’ला वेळापत्रक म्हणावं का?

प्रश्न: ‘डिस्ट्रिब्युटेड एआय’ (म्हणजे एकाच मोठ्या प्रोग्रॅमऐवजी अनेक छोटे प्रोग्रॅम आपसांत ठरवून काम करतात ते) शेड्युलिंगचे प्रश्न कसे सोडवतं, यावर मराठीत टिपण लिहितोय. वाचक सोलापूरचे, बरेचसे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले, चादर-टॉवेलच्या धंद्यातले. ‘वितरित कृत्रिम बुद्धिमत्ताधारित वेळापत्रकनिर्मिती’ असं लिहिलं तर पहिल्याच ओळीत पान उलटतील. काय लिहू?

उत्तर: वेळापत्रक म्हणजे तयार होऊन भिंतीवर लागलेला कागद. शेड्युलिंग ही त्याआधीची डोकेफोड. कुठलं काम कुठल्या यंत्रावर, कुणाच्या आधी, कुणाच्या मागून? डाइंगवाला फिकट रंग आधी घेऊ बघतो, कारण गडद रंगानंतर यंत्र धुण्यात वेळ अन् पाणी जातं. पण गडद सुतासाठीच माग खोळंबला असेल तर? ही ओढाताण ‘वेळापत्रक’ या शब्दात येतच नाही. मजकुरात ‘कामं लावणं’ लिहा, मथळ्याला ‘क्रमनियोजन’ चालेल.

ही डोकेफोड साधी समजू नका. १९६३ साली मांडलेला १० कामं, १० यंत्रांचा एक नमुना-प्रश्न प्रसिद्ध आहे. त्याचं सर्वोत्तम उत्तर ९३० एकक वेळेचं, आणि त्याहून कमी वेळेत जमणारच नाही हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. आपल्याकडे तर मधेच वीज जाते, सूत उशिरा येतं, गिऱ्हाईक रंग बदलतं!

दुसरं उत्तर: ‘वितरित’ म्हटलं की रेशनच डोळ्यापुढे येतं, पण पाठ्यपुस्तकात तो शब्द रुळलाय, राहू द्या. खरी अडचण ‘एजंट’ची. आपल्याकडे एजंट म्हणजे कमिशन घेणारा. इथला एजंट हा स्वतःपुरता निर्णय घेणारा प्रोग्रॅम. प्रत्येक यंत्राचा एक, असं समजा. ‘अभिकर्ता’ मात्र नको, विम्याच्या कागदासारखं वाटतं.

संगणकशास्त्रज्ञ रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ पद्धत सांगा, शब्द आपोआप सापडतील. काम असलेला पुकारा करतो, ज्यांना जमेल ते बोली लावतात, सरस बोलीवाल्याला काम मिळतं. आज पुकारा करणारा उद्या दुसऱ्याच्या पुकाऱ्यावर बोली लावू शकतो, कायमचा मुकादम कुणी नाही. ‘निविदा’ लिहू नका, तिला सीलबंद पाकिटाचा वास येतो. शिवाय बोली पैशाचीच असते असं नाही, ‘मी संध्याकाळपर्यंत मोकळा होतो’ हीसुद्धा बोलीच.

पहिलं उत्तर देणारे: ‘सर्वोत्तम’ हा शब्द मात्र इथे जपून वापरा. जो तो आपल्यापुरतं बघतो, त्यामुळे एकूण क्रम सर्वांत चांगला निघेलच याची हमी नसते. फायदा असा की एक माग बंद पडला तर त्याच्याच कामांचा पुन्हा पुकारा करता येतो, सगळी मांडणी मोडावी लागत नाही.

प्रश्नकर्ता: मग ही ओळ चालेल? ‘प्रत्येक यंत्राचा स्वयंनिर्णयी एजंट बोली लावतो आणि कामांचा क्रम आपसांत ठरतो.’

उत्तर: ‘स्वयंनिर्णयी’ काढा, बाकी छापा.