कीबोर्डवरचा गोंधळ हा गोंधळ म्हणायचा का?

बार्शीकर
पुतण्याचं लग्न झालं, परवा घरी गोंधळ घातला. चौक भरला, घट मांडला, दिवटी पेटली. आणि संबळाच्या जागी ऑक्टोपॅड, तुणतुण्याच्या जागी कीबोर्ड! देवीला 'गोंधळा ये' म्हणून बोलावत होते आणि मला ऑर्केस्ट्राला बसल्यासारखं वाटत होतं. माझ्या मते संबळ नाही तर गोंधळ नाही.

पेटीमास्तर
नाही पटलं. तमाशातली पेटी तरी कुठली? युरोपातली. परकी आहे, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून रेडिओने १९४० साली तिला बाहेर काढलं, ती १९७१ पर्यंत. गावोगावची भजनी मंडळं मात्र पेटीवरच गात राहिली. आज पेटीशिवाय भजन सुनं वाटतं. जात्यावरच्या ओव्याही बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी लाखावर ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. त्या काय नकली?

बार्शीकर
ओवीत विषय नवा आला, गळा बाईचाच राहिला. इथे नादच गेला. संबळावर वाकड्या टोकाच्या काठीचा जो ठणका बसतो, तो बटण दाबून येत नाही.

गोंधळ्याची लेक
आमच्याकडे पिढ्यानपिढ्या गोंधळ आहे. पावसाळ्यात संबळाचं कातडं सैल पडतं, वडील दर थोड्या वेळाने ते शेकत बसतात. यजमान म्हणतात, "मशीन आणा की, आवाज मोठा येतो." वडील अजून आणत नाहीत; ज्यांनी आणलं त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोट आहे.

पण अस्सल कशाला म्हणायचं? गोंधळ रात्रभर चालायचा. आधी देवदेवतांना आवाहन, मग आख्यान, पहाटे आरती. आता सांगतात, "साडेदहाला आवरा, पाहुण्यांना सकाळी निघायचंय." कात्री लागते ती आख्यानाला. वडिलांना जांभूळ आख्यान तोंडपाठ आहे. द्रौपदी कर्णाबद्दलची मनातली गोष्ट कबूल करते, तिथे त्यांचा आवाज इतका खाली येतो की तुणतुण्याची तार एकटी ऐकू येते. ते अख्खं गाऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली. वाद्यं परत आणता येतील हो. आख्यान विसरलं तर कुठून आणणार?

पेटीमास्तर
हे मान्य. मी वाद्यावरच अडून बसलो होतो.

बार्शीकर
ताई, आमच्याकडेही आख्यान सुरू होताना घड्याळ मीच दाखवलं होतं. संबळाबद्दल माझं मत तेच आहे. पण नवरात्रात वडिलांना सवड आहे का, विचारा. रात्रभर घालू, आख्यानासकट.