शतावरीची मुळं कशी काढावीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमच्या अंगणात, काळ्या मातीत शतावरीचा वेल आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की वरून पार वाळतो, पण पहिल्या पावसाबरोबर बुडातून जाडसर कोंब फुटतात. फार चिवट वेल!

बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे. वैद्यांनी दुधातून शतावरी घ्यायला सांगितलंय आणि आईला घरचीच मुळं वापरायची आहेत. वेल दोन वर्षांच्या पुढचा आहे. तो न उपटता कडेची थोडी मुळं काढली तर चालेल का, आणि ती थंडीत काढावीत का? साल ओली असतानाच सोलायची की आधी वाफवायची? मधली शीर काढावी लागते ना?

बोअरचं पाणी खारट आहे, त्याने मुळं बारीक राहतात का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.